शीटवरच्या कमेंट्स सुटू नयेत म्हणून: आधी नंबर, मग नोंद, शेवटी माऊस

"साहेब, सगळ्या कमेंट्स घेतल्यात" असं सांगून ड्रॉइंग पाठवायचं आणि दोन दिवसांत तीच शीट तशाच लाल खुणांसह परत यायची. सांगलीच्या विश्रामबागमधलं आर्किटेक्टचं ऑफिस असो नाहीतर कुपवाड एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशन शॉपची ड्रॉइंग रूम, रडगाणं एकच. ड्राफ्ट्समनला कॅड येत नाही, असं क्वचितच असतं. चूक क्रमाची असते. मार्कअप, म्हणजे लाल खुणा केलेली प्रत, समोर ठेवायचं आणि पहिल्या लाल गोलापासून थेट दुरुस्त्या करत सुटायचं, ही सवय नडते. मोजणी कुणी केलेली नसते, त्यामुळे किती उरलं हेही कुणाला माहीत नसतं.

खालचा क्रम ऑटोकॅड धरून लिहिला आहे. दुसरं कॅड सॉफ्टवेअर वापरत असाल तर कमांडची नावं बदलतील, क्रम बदलणार नाही.

## तयारी: शीट बाहेर जाण्यापूर्वी

कमेंट्सचा घोळ कमेंट्स यायच्या आधीच सुरू होतो. आर्किटेक्टकडे एक पीडीएफ, क्लायंटकडे त्याआधीची, स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे तिसरीच. मग तिघेही वेगवेगळ्या ड्रॉइंगवर कमेंट करतात. म्हणून पीडीएफच्या फाइलच्या नावात शीट नंबर आणि रिव्हिजन (कितवी सुधारित आवृत्ती) हवंच: ए-१०२_आर१. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरंच' असल्या नावांना ऑफिसात बंदी घाला.

ज्या दिवशी पीडीएफ गेली त्या दिवसाची डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची मूळ फाइल) वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी करा आणि रीड-ओन्ली करून ठेवा. शेवटच्या तपासणीत हीच कॉपी लागते, आणि तेव्हा ती कुठूनही मिळत नाही.

आता एक कटकट, जी बऱ्याच जणांना माहीत नसते. ड्रॉइंगमध्ये सिम्प्लेक्स, रोमन-एस असे ऑटोकॅडचे स्वतःचे एसएचएक्स फॉन्ट असतील, तर २०१६ पासूनच्या ऑटोकॅडमधून काढलेल्या पीडीएफमध्ये त्या फॉन्टमधला प्रत्येक मजकूर कमेंट म्हणूनही नोंदला जातो. ॲक्रोबॅटमध्ये कमेंट्सची यादी उघडली की 'ऑटोकॅड एसएचएक्स टेक्स्ट' नावाच्या नोंदींची रांगच लागते, आणि साहेबांनी लिहिलेल्या दहा-बारा खऱ्या कमेंट्स त्यात बुडून जातात. पीडीएफ काढण्याआधी 'पीडीएफएसएचएक्स' हे व्हेरिएबल (सेटिंग) शून्य करा. २०१६ च्या आवृत्तीत याच व्हेरिएबलचं नाव 'ईपीडीएफएसएचएक्स' होतं.

रंगही आधीच ठरवा. तपासणाऱ्याची कमेंट लाल, ड्राफ्ट्समनने काम झाल्यावर मारायचा हायलायटर पिवळा, उलट तपासणीची टिकमार्क निळी. रंग कुठलेही घ्या, पण टायटल ब्लॉकशेजारी (शीटच्या माहितीच्या चौकटीशेजारी) लिहून ठेवा आणि एका माणसाचा रंग दुसऱ्याने वापरू नका.

सावधान: ए१ शीट ए३ वर छापली की लांबी बरोबर निम्मी होते. १:१०० लिहिलेलं ड्रॉइंग प्रत्यक्षात १:२०० होतं. कुणी पट्टी लावून 'हे माप चुकलंय' अशी कमेंट केली, तर आधी ती कुठल्या कागदावर केली ते विचारा. शीटवर आलेखी स्केल पट्टी काढली तर हा प्रश्नच येत नाही.

## टप्पा १: सगळ्या कमेंट्स एका प्रतीवर आणा

कमेंट्स चार वाटांनी येतात: पीडीएफवर, प्रिंटवर पेनाने, व्हॉट्सॲपवर फोटो काढून आणि फोनवर तोंडी. चौथी वाट सर्वांत घातक. साईटवरून फोन येतो, "ती खिडकी जरा सरकव", आणि आपण हो म्हणतो. ती कमेंट कुठेच लिहिलेली नसते, पण बिल थांबवायला मात्र आठवते.

प्रत्येक शीटची एकच मुख्य प्रत ठरवा आणि बाकीच्या सगळ्या खुणा तिच्यावर उतरवून घ्या. कमेंट कुणाची, ते आद्याक्षरांनी लिहा. तोंडी आलेली कमेंट असेल तर 'फोनवर' असं लिहून तारीख टाका आणि तेवढंच वाक्य त्या माणसाला मेसेज करून 'बरोबर ना?' विचारा.

व्हॉट्सॲपवर शीटचा फोटो पाठवणाऱ्यांना दोन गोष्टी सांगून ठेवा. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायचा, नाहीतर तो दाबला जातो आणि बारीक अक्षर वाचता येत नाही. दुसरं म्हणजे टायटल ब्लॉक फोटोत दिसला पाहिजे. नुसत्या बाथरूमचा फोटो आला तर तो तळमजल्याचा की पहिल्या मजल्याचा, हे ओळखायची जबाबदारी तुमच्यावर येते.

तपासा: आलेल्या प्रत्येक मार्कअपवरचं रिव्हिजन तुमच्या ताज्या रिव्हिजनशी जुळतं का? जुन्या रिव्हिजनवर आलेली कमेंट फेकू नका. ती आधीच झालेली आहे की अजून लागू आहे, हे पाहून तसं लिहा.

## टप्पा २: नंबर द्या, आणि कमेंट फोडा

अजून माऊसला हात लावायचा नाही. शीटच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून घड्याळाच्या दिशेने जात प्रत्येक खुणेला गोलात नंबर द्या. नुसती रेघ, प्रश्नचिन्ह, अर्धवट बाण यांनाही नंबर हवा. अर्थ लागत नाही म्हणून सोडलेली खूणच पुढे महागात पडते.

एका गोलात एकच काम, हा नियम पाळा. 'टॉयलेटचं दार फिरवा, व्हेंटिलेटर मोठा घ्या, बेसिन बाहेर काढा' ही दिसायला एक कमेंट आहे, कामं तीन आहेत. तिला ७अ, ७ब, ७क करा. न फोडलेल्या कमेंटमधलं पहिलं काम होतं आणि त्यावर पिवळा हायलायटर फिरतो. बाकीची दोन कामं त्या पिवळ्याखाली गडप होतात.

शेवटच्या नंबरभोवती चौकोन काढा आणि शीटवर एकूण आकडा लिहा: 'एकूण १४'.

## टप्पा ३: रजिस्टर भरा

साधी एक्सेल शीट पुरते. रकाने असे ठेवा: कमेंटचा पूर्ण नंबर, कुणाची, कधीची, कमेंट जशीच्या तशी, कुठे कुठे लागू, स्थिती, कुणी केलं, कुणी तपासलं, उत्तर. पूर्ण नंबरमध्ये शीट, रिव्हिजन आणि अनुक्रम तिन्ही येऊ द्या: ए-१०२/आर१/०७अ.

कमेंट आपल्या भाषेत सुधारून लिहू नका. 'दार मोठं करा' याचं तुम्ही 'दार १००० करणे' केलंत तर तो तुमचा अर्थ झाला. त्यांना कदाचित उंची म्हणायची असेल.

स्थितीसाठी पाचच शब्द ठेवा: उघडी, प्रश्न, केली, तपासली, नाकारली. 'जवळपास झाली' अशी स्थिती नसते. 'केली' आणि 'तपासली' या दोन वेगळ्या स्थिती आहेत, आणि त्या दोन वेगळ्या माणसांनी भरायच्या आहेत.

सावधान: एक्सेलमध्ये नुसतं ३-७ टाइप केलं की त्याची तारीख होते. नंबरचा रकाना सुरुवातीलाच 'टेक्स्ट' करून ठेवा.

ज्यांच्याकडे शीट्स खूप आहेत, त्यांनी कमेंटचा टॅग ॲट्रिब्यूट (भरायचे रकाने) असलेला ब्लॉक म्हणून करावा: नंबर, आद्याक्षरं, स्थिती. ऑटोकॅडसोबत येणाऱ्या एक्सप्रेस टूल्समधल्या 'ॲटआउट'ने ते सगळे ॲट्रिब्यूट टेक्स्ट फाइलमध्ये बाहेर येतात, एक्सेलमध्ये स्थिती बदलून 'ॲटइन'ने परत आत घेता येतात. परत सेव्ह करताना टॅबने विभागलेली टेक्स्ट फाइलच ठेवा आणि 'हँडल'च्या रकान्याला हात लावू नका. ब्लॉक ओळखायची खूण तीच असते. ऑटोकॅड एलटीमध्ये एक्सप्रेस टूल्स नाहीत, तिथे हाताने भरलेलं रजिस्टरच बरं.

## टप्पा ४: 'कुठे कुठे' हा रकाना भरा

बहुतेकांचं इथेच चुकतं, म्हणून इथे जरा थांबू.

सांगलीवाडीतल्या एका बंगल्याचं ड्रॉइंग धरा. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या माणसाला प्लिंथ (जोतं) उंच हवीच असणार. सेक्शनच्या शीटवर कमेंट येते: 'प्लिंथ ६०० ची १२०० करा.' घाईतला ड्राफ्ट्समन सेक्शनमध्ये प्लिंथ वर उचलतो, आकडा बदलतो, हायलायटर मारतो आणि पुढच्या कमेंटकडे वळतो.

आता त्या एका ओळीचे धागे कुठवर जातात ते पाहा. १५० च्या रायझरने (पायरीची उंची) ६०० ला चार रायझर लागत होते, १२०० ला आठ लागतील. ट्रेड (पाय ठेवायची रुंदी) ३०० ची असेल तर पायऱ्या आणखी १२०० पुढे येतात. म्हणजे प्लॅन बदलला, समोरच्या मोकळ्या जागेत पायऱ्या घुसतात का तेही पाहायला हवं. रॅम्प १:१२ चा असेल तर त्याची धाव ७.२ मीटरवरून १४.४ मीटर होते, आणि तेवढी जागा प्लॉटमध्ये नसेल तर रॅम्प वळवावा लागतो. चारही एलिव्हेशन बदलतात. जमिनीपासून मोजलेल्या सगळ्या लेव्हल्स ६०० ने चढतात, पण खिडकीची सिल तयार फरशीपासून मोजलेली असेल तर तो आकडा तसाच राहतो. पोर्चचा उतार, प्लिंथमधल्या भरावाचं प्रमाण आणि एकूण उंची जिथे जिथे लिहिली आहे तो प्रत्येक आकडा बदलतो. आणि प्लिंथखालचा कॉलम लांब झाला म्हणजे विषय स्ट्रक्चरल कन्सल्टंटच्या टेबलावर गेला. तिथे आपण परस्पर काही करायचं नाही.

रजिस्टरमध्ये ही कमेंट एकच ओळ राहते, पण 'कुठे कुठे'च्या रकान्यात शीट्सची यादी येते: प्लॅन, दोन्ही सेक्शन, चार एलिव्हेशन, जिन्याचं डिटेल, साईट प्लॅन, आरसीसी. यादीतली शेवटची शीट होईपर्यंत स्थिती 'उघडी'च.

फॅब्रिकेशनवाल्यांचंही हेच. बेस प्लेटवर 'एम१६ ऐवजी एम२० बोल्ट घ्या' एवढीच कमेंट आली. आयएस ८००:२००७ या स्टील बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे स्टँडर्ड भोक १८ वरून २२ मिमी होतं. मशीनने कापलेल्या कडेला भोकाच्या १.५ पट अंतर लागतं, म्हणजे २७ ऐवजी ३३. प्लेटवर कडेचं अंतर ३० दिलेलं असेल तर कालपर्यंत ते चालत होतं, आज चालत नाही. प्लेटचा आकार बदलला, मग वजन बदललं, मटेरियल लिस्ट बदलली, अँकर बोल्टचा प्लॅन बदलला. नुसतं भोक मोठं केलेलं ड्रॉइंग शॉपफ्लोअरवर गेलं तर प्लेट भंगारात.

## टप्पा ५: प्रश्न आधी, सगळे एकदम

नंबर, नोंद आणि 'कुठे कुठे' झाल्यावरच प्रश्न काय आहेत ते कळतं. 'प्लिंथ दोन फूट वाढवा' आणि 'प्लिंथ दोन फूट करा' यात अख्ख्या प्लिंथचा फरक आहे, आणि हस्ताक्षरात दोन्ही सारखंच दिसतं. शिवाय ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये आणि क्लायंट फुटात बोलतो, तेव्हा दोन फूट म्हणजे ६०० धरायचे की ६१०, हेही एकदाच विचारून ठरवून टाका.

आर्किटेक्ट आणि क्लायंट यांच्या कमेंट्स एकमेकींच्या विरुद्ध असतील तर ड्राफ्ट्समनने न्यायाधीश होऊ नये. दोन्ही कमेंट्सचे नंबर लिहून दोघांनाही एकाच मेसेजमध्ये विचारा. दर तासाला एक प्रश्न विचारणाऱ्याचा फोन पुढे कुणी उचलत नाही, म्हणून यादी करूनच विचारा.

तपासा: शीटवरचा एकूण आकडा आणि रजिस्टरमधल्या ओळी जुळतात का? फोडलेल्या कमेंट्स धरून मोजा. जुळत नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ६: मार्कअप कॅडमध्ये आणा

हे ऐच्छिक आहे. प्रिंट बाजूला ठेवून काम करणाऱ्यांनी थेट पुढच्या टप्प्याला जावं, काही बिघडत नाही.

पीडीएफ अंडरले म्हणून (ड्रॉइंगच्या खाली दिसणारी) जोडायची तर लेआउटमध्ये, म्हणजे शीट मांडायच्या पानावर, १:१ ने, वेगळ्या लेअरवर जोडा आणि त्या लेअरचं प्लॉट बंद ठेवा. दोन अडचणी हमखास येतात. पहिली, ॲक्रोबॅटमध्ये केलेल्या कमेंट्स अंडरलेमध्ये बऱ्याचदा दिसतच नाहीत. तेव्हा ती पीडीएफ कमेंट्ससह पुन्हा पीडीएफ म्हणून प्रिंट करा, म्हणजे खुणा कागदात मुरतात, आणि मग जोडा. दुसरी, लेआउटचा शून्य बिंदू कागदाच्या कोपऱ्यावर नसून छापता येणाऱ्या भागाच्या कोपऱ्यावर असतो, त्यामुळे पीडीएफ थोडी सरकलेली दिसते. टायटल ब्लॉकचे दोन कोपरे पकडून 'अलाइन' करा.

ऑटोकॅड २०२३ पासून 'मार्कअप इम्पोर्ट' आहे. पीडीएफ, जेपीजी किंवा पीएनजी आत घेतली की सॉफ्टवेअर ढग (बदलाभोवती काढलेली कमानींची रेघ) आणि मजकूर ओळखून ते ड्रॉइंगमध्ये टाकायला मदत करतं. सोय चांगली आहे. पण त्याने ओळखलेल्या खुणांची संख्या तुमच्या 'एकूण १४'शी जुळवा. पेनाने मराठीत लिहिलेल्या मजकुरासाठी त्याच्या भरवशावर राहू नका.

डीडब्ल्यूएफ (ऑटोडेस्कचा पीडीएफसारखा फाइल प्रकार) वापरणारी ऑफिसं आता थोडी उरली आहेत. पण तुमचा क्लायंट डिझाईन रिव्ह्यूमध्ये मार्कअप करत असेल तर 'मार्कअप सेट मॅनेजर' (कंट्रोल आणि ७) उघडा. प्रत्येक कमेंटची स्थिती तिथेच लावता येते, आणि कमेंटवर डबल क्लिक केलं की ती शीट उघडते. पीडीएफला हे मॅनेजर चालत नाही.

सावधान: काम संपल्यावर अंडरले 'डिटॅच' करा. नुसता 'अनलोड' केला तर फाइल पाठवताना तो संदर्भ मागे लागतोच.

## टप्पा ७: आता दुरुस्ती

कमेंट १, २, ३ या क्रमाने जाऊ नका. आधी भूमिती बदलणाऱ्या कमेंट्स घ्या: भिंत, दार, लेव्हल, भोक. त्या मॉडेलमध्ये किंवा एक्सरेफच्या (बाहेरून जोडलेल्या ड्रॉइंगच्या) मूळ फाइलमध्ये करा. मग मापं, मग नोट्स, मग शेड्यूल आणि लिस्ट, सगळ्यात शेवटी टायटल ब्लॉक. उलटं केलंत तर आधी नीट केलेली मापं भिंत सरकल्यावर पुन्हा बिघडतात.

माप बदलायचं म्हणजे वस्तू बदलायची. मापाच्या आकड्यावर डबल क्लिक करून ३००० च्या जागी ३१५० टाइप करणं ही ड्राफ्टिंगमधली सगळ्यात घाणेरडी सवय आहे. कागदावर सगळं बरोबर दिसतं, आत भिंत जुन्याच जागी असते. पुढच्या रिव्हिजनला दुसरा माणूस त्या भिंतीवरून माप घेतो आणि त्याला वेगळंच उत्तर येतं.

तपासा: 'क्विक सिलेक्ट'मध्ये डायमेन्शन निवडून 'टेक्स्ट ओव्हरराइड' रिकामं नसलेली मापं शोधा. जी सापडतील त्यांचं कारण तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

एक कमेंट झाली की तिच्या 'कुठे कुठे'तली शीट खोडा आणि मार्कअपवर पिवळा हायलायटर मारा. दोन्ही त्याच क्षणी. संध्याकाळी आठवून मारू म्हणणाऱ्याचे हायलायटर अंदाजाने फिरतात.

## टप्पा ८: ढग, त्रिकोण आणि रिव्हिजनची ओळ

'रेव्हक्लाउड' लेआउटमध्ये काढा, म्हणजे व्ह्यूपोर्टचं (लेआउटमधल्या खिडकीचं) स्केल काहीही असलं तरी ढगाच्या कमानी सगळ्या शीटवर सारख्या दिसतात. प्रत्येक रिव्हिजनच्या ढगांना वेगळा लेअर द्या. नवं रिव्हिजन काढताना जुन्या ढगांचा लेअर बंद करा, रिव्हिजन नंबरचे त्रिकोण राहू द्या. तीन रिव्हिजनचे ढग एकावर एक असलेली शीट साईटवरचा मिस्त्री वाचूच शकत नाही.

ढग बदललेल्या भागाभोवती हवा. कमेंट सेक्शनवर होती म्हणून फक्त सेक्शनवर ढग काढलात, तर बदललेल्या पायऱ्या प्लॅनवर कुणाच्या नजरेला पडणार नाहीत.

रिव्हिजनच्या ओळीत 'कमेंट्सप्रमाणे सुधारित' असं लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. 'प्लिंथ ६०० ची १२०० केली. पायऱ्या व रॅम्प बदलले' असं लिहा. मराठीत लिहीत असाल तर त्या टेक्स्ट स्टाइलला मंगलसारखा ट्रूटाइप फॉन्ट द्या, कारण नेहमीच्या एसएचएक्स फॉन्टमध्ये देवनागरीची नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. शीट सेट मॅनेजर वापरत असाल तर रिव्हिजन नंबर आणि तारीख फील्डने आणा, हाताने लिहू नका.

## टप्पा ९: उलट तपासणी

ही तपासणी ड्रॉइंग केलेल्या माणसाने करायची नाही. ऑफिसात दोघंच असाल तर एकमेकांची करा. एकटेच असाल तर निदान रात्र जाऊ द्या आणि सकाळी प्रिंटवर करा, स्क्रीनवर नको.

दोन फेऱ्या लागतात. पहिल्या फेरीत रजिस्टरची ओळ वाचायची, शीटवर जाऊन बदल पाहायचा, निळी टिक करायची. 'कुठे कुठे'तल्या प्रत्येक शीटवर टिक हवी. दुसऱ्या फेरीत उलटा प्रवास: शीटवरचा प्रत्येक ढग घ्या आणि रजिस्टरमध्ये त्याची ओळ शोधा. ओळ सापडली नाही तर कुणीतरी न सांगता बदल केलाय.

न सांगता झालेला बदल पकडायला सुरुवातीला जपलेली डीडब्ल्यूजी आता उघडा. ऑटोकॅड २०१९ पासून 'कॉम्पेअर' आहे. दोन फाइलींतला फरक वेगळ्या रंगात येतो, न बदललेलं करड्या रंगात राहतं. एखादा कॉलम १० मिमी सरकलाय आणि त्याची कुठेच कमेंट नाही, असं इथे सापडतं. स्नॅप चुकून लागलेला असतो, बाकी काही नाही. लेआउटमधल्या नोट्स आणि टायटल ब्लॉक मात्र डोळ्यांनीच जुळवा.

## टप्पा १०: परत पाठवणं आणि बंद करणं

नवी पीडीएफ एकटी पाठवू नका, रजिस्टर सोबत द्या. प्रत्येक कमेंटसमोर उत्तर हवं. नाकारलेल्या कमेंटला तर कारणासह हवं: 'व्हेंटिलेटर मोठा घेता येत नाही, वर बीम आहे.' उत्तर न देता सोडलेली कमेंट समोरच्याच्या लेखी विसरलेलीच असते, आणि पुढच्या फेरीत ती दुप्पट मोठ्या लाल अक्षरांत येते.

'प्रश्न' स्थितीतली एखादी कमेंट उरलीच असेल तर त्या भागाभोवती ढग काढून 'होल्ड' लिहा. अर्धवट भागावरून साईटवर काम सुरू होऊ नये म्हणून हे लागतंच.

जुन्या प्रिंट्सचं काय करायचं ते स्पष्ट सांगा. साईटवरच्या शेडमध्ये खिळ्याला अडकवलेली आर१ ची शीट कुणी काढत नाही, आणि सेंटरिंगवाला तीच बघून काम करतो. नवी प्रिंट नेणाऱ्याने जुनी परत आणायची, किंवा तिच्यावर 'रद्द' असा आडवा शिक्का मारून त्याचा फोटो पाठवायचा. तो फोटो आला की रजिस्टरमध्ये त्या रिव्हिजनसमोर तारीख टाका. पुढच्या कमेंट्स आर२ च्या नव्या पानावर, पुन्हा ०१ पासून.